बिनपान्याचा गडी

बोटभर रुंदीची, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी. आतल्या अंगाने ती खोबणीसारखी वळवलेली, खोबणीत काळं रबर, आणि पट्टीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे एक छोटा लिव्हर. दुकानाच्या फळीवर पडली असेल तर कुणी वळूनही बघणार नाही. पण हवेच्या दोन नळांची तोंडं एकमेकांना भिडवा, ही पट्टी त्यांच्याभोवती चढवा आणि लिव्हर दाबा. खट् आवाज येतो आणि दोन नळांचा एक नळ होतो. पाना लागत नाही, नट लागत नाही, शिडीखाली सामान घेऊन उभा राहणारा दुसरा माणूस लागत नाही. उघडायचा असेल तर तोच लिव्हर उलटा ओढायचा. खटक्याचा क्लॅम्प म्हणा, क्विक रिलीज जॉइंट म्हणा. मी त्याला बिनपान्याचा गडी म्हणतो. हा गडी आमच्या शेगाव-खामगाव पट्ट्यातल्या प्रत्येक जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, कामाला असावा, असं मला फार वाटतं.

शेगाव म्हटलं की लोकांना गजानन महाराजांची समाधी आठवते आणि मागोमाग स्टेशनावरची कचोरी. ते योग्यच आहे. पण 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये शेगावची ओळख कापसाच्या व्यापाराचं, जिनांचं आणि प्रेसांचं गाव अशी आहे. शेजारच्या जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा 1870 साली सुरू झाला तोही कापसासाठीच, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. महाराज शेगावात प्रकट झाले ती तारीख 23 फेब्रुवारी 1878. म्हणजे तेव्हा कापसाच्या गाड्या त्या फाट्यावरून धावायला लागून आठ वर्षं उलटली होती. या गावाच्या अंगात कापूस आहे.

पूर्वी जिनातला कापूस माणसांच्या डोक्यावरून हलायचा. गंजीवरून टोपल्या भरायच्या, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यापर्यंत न्यायच्या, हाताने टाकायच्या. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं आणि त्यातल्या चौथ्या उपअभियानातून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. तेव्हापासून टोपल्यांची जागा हवेने घेतली. आता गंजीवर नळाचं तोंड धरतात, पंखा कापूस ओढून घेतो. वाटेत दगड-खिळे पकडणारी पेटी, मग प्रीक्लीनर, मग रेच्यांची रांग. सरकी खाली जाते, रुई पुन्हा नळात शिरून कंडेन्सरकडे आणि तिथून प्रेसकडे. शेवटी 170 किलोची गाठ. 100 किलो कापसातून रुई निघते साधारण तेहतीस ते छत्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. हा सगळा प्रवास पत्र्याच्या नळांतून होतो. कापूस ओढायला नळातली हवा सेकंदाला 20 ते 25 मीटर वेगाने धावावी लागते, म्हणजे ताशी 72 ते 90 किलोमीटर. वेग त्याहून खाली आला की कापूस नळाच्या तळाशी बसायला लागतो.

आणि बसतोच. कापूस ओला असतो. कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि 12 टक्क्यांच्या पुढे माल घेतच नाहीत, पण अवकाळी पावसात भिजलेला कापूस कुठेतरी विकला जातोच आणि कुठल्यातरी नळात शिरतोच. त्याच्यासोबत पऱ्हाटीच्या काड्या, पालापाचोळा, कवडी, पोत्याची सुतळी, गुटख्याच्या पुड्या. बाकातून वळताना सुतळीचा एक धागा पत्र्याच्या कडेला अडकतो, त्याच्यावर कापूस लोंबायला लागतो, आणि हळूहळू नळाचा गळा आवळला जातो. रेचे उपाशी राहिले की सगळ्यांना कळतं: नळ तुंबला.

इथे नळांच्या जोडाची परीक्षा होते. जुन्या पद्धतीच्या जोडाला फ्लॅन्ज म्हणतात. नळाच्या तोंडाला अँगलची कडी, तिला भोकं, भोकांत नटबोल्ट. या फ्लॅन्जबद्दल मला आदर आहे. तो घट्ट असतो, स्वस्त असतो, गावातला कुठलाही फॅब्रिकेटर बनवून देतो, आणि एकदा आवळला की वर्षानुवर्षं हलत नाही. पण 300 मिलिमीटर व्यासाच्या नळाच्या एका जोडाला आठ बोल्ट धरा. मधला एक तुकडा काढायचा तर दोन्ही टोकांचे मिळून सोळा बोल्ट, सोळा नट, त्यांचे वायसर. त्यांतले तीन-चार गंजलेले असतातच; ते छन्नी-हातोड्याने तोडावे लागतात. हे सगळं पंधरा-वीस फुटांवर, शिडीच्या पायरीवर एक पाय टेकून. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात आणि मालक घड्याळाकडे बघत असतो. मग बाकाच्या तळाशी चार बोटं कापूस आहे हे माहीत असूनही वऱ्हाडातल्या प्रत्येक कारखान्यात ऐकू येणारं वाक्य येतं: "राहू दे बाप्पा, उद्या पाहू." काठी घालून ढकलाढकल होते, बाहेरून हातोडीने पत्रा ठोकला जातो, नळ थोडा मोकळा होतो आणि चालू होतो. आतलं आतच राहतं.

शिडीवरच्या माणसाला मी आळशी म्हणणार नाही. तो जोडच असा निवडलेला आहे की उघडावासा वाटू नये. कारखाना उभारताना ज्याने कागदावर 'फ्लॅन्ज, आठ बोल्ट' असं लिहिलं, त्याने त्या क्षणीच पुढच्या पंधरा वर्षांत तो नळ किती वेळा साफ होणार हे ठरवून टाकलं. माझं सांगणं एवढंच आहे की हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा.

बोल्टाच्या जोडात आणखी एक भीती आहे, ती फार कमी बोलली जाते. शिडीवरच्या माणसाच्या हातून नट निसटतो. खाली काय असतं? कापूस. नट गंजीत रुतून दिसेनासा होतो. अर्ध्या तासाने तोच नट सक्शनच्या तोंडातून वर चढतो. दगड-खिळ्यांच्या पेटीत अडला तर ठीक. निसटून पुढे गेला तर पंख्याच्या पात्यावर किंवा प्रीक्लीनरच्या खिळ्यांवर आपटतो, आणि लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते. कापसाची आग नेहमी भडकून दिसत नाही. ती आत धुमसत राहते, रुईबरोबर पुढे सरकते, कधी थेट गाठीत जाऊन बसते आणि बऱ्याच वेळाने वर येते. दुरुस्तीला काढलेला नट आगीचं कारण ठरू शकतो, हे ज्याला उमगलं तो माणूस बिनपान्याच्या गड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या अंगाला सुटा भाग नसतो. लिव्हर चुकून उघडू नये म्हणून एक बारीक पिन असते, तेवढीच; तीही साखळीने बांधलेली असली पाहिजे. साखळी नसलेली पिन देणाऱ्या माणसाकडून हा क्लॅम्प घेऊ नये.

आता त्याला जवळून बघू. नळाच्या तोंडाची कड बाहेरच्या बाजूला वळवून गोल ओठ केलेला असतो. दोन नळांचे ओठ एकमेकांना टेकतात आणि पट्टीची खोबण दोन्ही ओठांना बाहेरून कवेत घेते. खोबणीच्या दोन्ही बाजू तिरप्या असतात. म्हणून पट्टी आवळताना ती नुसती आत दाबत नाही, त्या तिरप्या बाजूंवरून घसरत दोन्ही ओठांना एकमेकांकडे ढकलते. गोल आवळायचं आणि लांबीच्या दिशेने जोडायचं, ही दोन्ही कामं एका हालचालीत होतात. लिव्हरचं कसबही तसंच बारीक आहे. दाबत जाताना जोर वाढत जातो, एका जागी सगळ्यात जास्त होतो, आणि त्या जागेच्या जरा पलीकडे गेला की लिव्हर आपणहून बसतो. त्यापुढे पट्टीचा ताणच त्याला मिटलेला ठेवतो. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाच्या झाकणावर लोखंडी कडी असते, तिच्या लिव्हरने आपण झाकण पक्कं करतो. अगदी तीच युक्ती.

या गड्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ओठ एकमेकांत शिरत नाहीत, नुसते समोरासमोर टेकतात. त्यामुळे मधला तुकडा आडवा बाजूला काढता येतो. एका नळात दुसरा नळ सरकवून केलेला साधा जोड असेल तर आधी एक बाजू मागे सरकवावी लागते, आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर मागे सरकायला जागाच नसते. तरीही प्रत्यक्षात चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. त्यासाठी गड्याला एक सोबती द्यावा लागतो: नळावर बाहेरून सरकणारी छोटी बाही, तिच्या आत रबराची कडी. लांब सरळ नळात अशी एक बाही असली की ती मागे सारायची, तुकडा मोकळा, काम झाल्यावर पुन्हा पुढे. ही बाही ऑर्डर करायला लोक हमखास विसरतात आणि मग 'क्लॅम्प उघडला तरी नळ निघत नाही' म्हणून दोष क्लॅम्पला देतात.

स्वभावाने तो ओढणाऱ्या हवेचा गडी आहे. पंख्याच्या आधीच्या बाजूला नळात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे फट राहिली तरी बाहेरची हवा आत जाते, धूळ बाहेर येत नाही. पण त्या फटीतून आत गेलेली हवा गंजीच्या तोंडाशी कमी पडते, म्हणून फट माफ नाही. पंख्याच्या पुढच्या बाजूला दाब उलटा, बाहेर ढकलणारा. 300 मिलिमीटरच्या नळात 250 मिलिमीटर पाण्याइतका दाब असेल तर दोन तुकड्यांना अलग करू पाहणारं बळ साधारण 18 किलो होतं. तेवढं तो सहज पेलतो. पण तिथे रबर फाटलेलं असेल तर कापसाची बारीक धूळ थेट दालनात येते, आणि वर्षानुवर्षं ती छातीत गेली की बिसिनोसिस होऊ शकतो. सूतगिरण्यांतल्या कामगारांनी हा आजार फार भोगला आहे. म्हणून दाबाच्या बाजूचं रबर दर हंगामाला बदलायचं, फाटण्याची वाट बघायची नाही.

त्याच्या रुसव्यांचंही सांगितलं पाहिजे. त्याला गोलाई लागते. हातोडीने ठोकलेला, अंडाकृती झालेला नळ त्याला चालत नाही. एका बाजूला दात रोवतो आणि दुसऱ्या बाजूला सैल राहतो. आपल्याकडे नळ तुंबला की पत्रा ठोकायची सवय आहे, आणि ती सवय असलेल्या ठिकाणी हा गडी आणला तर आधी हातोडी बाजूला ठेवावी लागते. त्याला वजनही उचलायला लावायचं नाही. नळाचा भार छताच्या टांगण्यांनी घ्यायचा, जोडाच्या दोन्ही अंगांना आधार द्यायचा. क्लॅम्पने फक्त तोंडं धरायची. पत्रा जाड, म्हणजे तीन मिलिमीटरचा असेल तर त्याची कड वळवता येत नाही, तिथे तयार ओठाची कडी आणून वेल्ड करावी लागते. व्यास वाढत गेला की तोच ताण मोठ्या परिघावर वाटला जातो आणि ओठांवरची पकड सैल पडते. साधारण 600 मिलिमीटरच्या पुढे मी त्याचा आग्रह धरणार नाही, तिथे फ्लॅन्जच बरा.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे वीज. पत्र्यावर घासत धावणाऱ्या कोरड्या कापसाने नळावर स्थिर वीज साचते. फ्लॅन्जच्या जोडात बोल्टांमधून ती पुढच्या तुकड्यात आणि शेवटी जमिनीत जायची. रबर मध्ये आलं आणि पट्टीवर रंग असला की हा रस्ता तुटतो. मग प्रत्येक जोडावरून तांब्याची विणलेली पट्टी एका नळावरून दुसऱ्या नळावर न्यायची आणि पूर्ण रांग अर्थिंगला बांधायची. हे काम क्लॅम्प बसवणाऱ्याचं की इलेक्ट्रिशियनचं, या वादात ते राहून जातं, आणि डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो. कापसाच्या धुळीत त्या झटक्याची ठिणगी मला मान्य नाही.

उघडायला सोपा आहे म्हणून त्याच्याशी घाईही करायची नाही. पंख्याचं बटण बंद केल्यावर पातं लगेच थांबत नाही. ते पूर्ण थांबलं आणि स्विचला कुलूप लागलं, मगच लिव्हरला हात. नळाचा पत्रा गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर अग्निशामक हातात घेतल्याशिवाय उघडायचाच नाही, कारण आत धुमसणाऱ्या कापसाला ताजी हवा मिळाली की तो पेटतो.

याची भावंडं बरीच आहेत आणि प्रत्येकाचं घर वेगळं. डेअरीत आणि औषधांच्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलचा ट्रायक्लॅम्प असतो, आतून गुळगुळीत, कुठेही थेंब अडकू न देणारा. टँकरच्या नळीला दोन कान असलेला कॅमलॉक. डेन्मार्कच्या नॉर्डफॅबने लाकडाच्या भुशासाठी आणि जर्मनीच्या याकोबने धान्य-पिठाच्या नळांसाठी ओठवाल्या नळांची पूर्ण घराणीच उभी केली: बाक, फाटे, झडपा, सगळ्यांना तोच ओठ, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला बसतो. अकोल्या-खामगावच्या दाल मिलला हे घराणं फार सोयीचं आहे. तुरीनंतर हरभरा घ्यायचा तर आधीचं टरफल आणि चुरी नळातून निघाली पाहिजे, नाहीतर ओठाच्या बारीक सांध्यात बसलेल्या पिठात कीड होते. तिथे रबर मात्र खाद्यपदार्थांसाठी चालणारं, निळं घ्यावं. तुकडा पडला तर डाळीत दिसतो तरी.

शेगावात एका जागी मी याला पाऊलही टाकू देणार नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी रेल्वे स्टेशनावर सुरू केलेली कचोरी आज गावभर तळली जाते. मोठ्या कढयांवरच्या धुराड्यातून तेलाची वाफ जाते, ती थंड होऊन नळाच्या आत चिकट थर बसतो, आणि कढईने पेट घेतला तर आग त्या थरावरून वर चढते. नायट्राइल रबर साधारण 100 अंशांपर्यंत टिकतं, सिलिकॉन 200 च्या आसपास. तेलाच्या आगीपुढे दोन्ही टिकत नाहीत आणि जोडातून जळतं तेल खाली गळतं. कढईवरचा नळ अखंड वेल्ड केलेला हवा आणि साफ करायला त्याच्या अंगावर घट्ट झाकणाच्या खिडक्या हव्यात. 'सोपा पडतो' म्हणून तिथे क्लॅम्प लावलेला दिसला तर काढायला सांगा.

शेगावात 1983 पासून गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी रोबोट जरूर करावेत, पण एखाद्या गटाने जवळच्या जिनात जाऊन एका बाकाचे जोड बदलावेत, आधी आणि नंतर साफसफाईला लागलेली मिनिटं मोजावीत, हवेचा वेग मोजावा. त्यातून मालकाला जो आकडा मिळेल तो कुठल्याही विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा उपयोगी असेल.

सगळे जोड बदलायची गरज नसते, आणि तसा खर्च कुणी करूही नये. पावसाळ्यात जिन बंद असतो तेव्हा खडू घेऊन फिटरसोबत नळाच्या रांगेखालून चालत जावं आणि त्याला विचारावं, गेल्या हंगामात तुला कुठे उघडावंसं वाटलं आणि उघडलं नाहीस. त्या जागांवर खूण करावी. बहुतेक खुणा दगडांच्या पेटीच्या पुढे, पहिल्या बाकावर, पंख्याच्या तोंडाशी आणि धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनच्या आधी निघतील. तेवढ्याच जागी क्लॅम्प, बाकी फ्लॅन्ज जसे आहेत तसे. व्यास एकाच दिशेने मोजू नये, आडवा आणि उभा दोन्ही मोजावा. फरक दिसला तर आधी नळ गोल करून घ्यावा. शिडी जिथे लागते त्या बाजूला लिव्हर येईल असं बघावं, तळाशी नको, तिथे धूळ साचते. आणि ऑर्डरमध्ये सरकती बाही, साखळीची पिन आणि तांब्याची पट्टी या तीन गोष्टी वेगळ्या ओळींत लिहाव्यात, कारण न लिहिलेल्या वस्तू येत नाहीत आणि दसऱ्याला कापूस दारात उभा राहतो.